मास्तरांचे चार शब्द

लाँड्रीतल्या बायकांना इंग्रजीतले चारच शब्द येत, पण ते इतके पक्के येत की एखाद्या पदवीधराने तोंडात बोट घालावं. कॉन्ट्रिब्यूटेड म्हणजे लेखी समज. फाईलला एक कागद, विषय संपला. वर्सन्ड म्हणजे सहा महिने मळक्या खोलीत, जिथे हॉस्पिटलांतून आलेल्या चादरी नाकाला फडकं बांधून वेगळ्या कराव्या लागत. अ‍ॅग्रॅव्हेटेड म्हणजे पंधरा दिवस घरी आणि फाटकाजवळच्या फळ्यावर नाव. चौथा शब्द एक्झॅसर्बेटेड. तो कुणालाच धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळ्या त्याला नुसतं 'ते लांबलचक' म्हणत. ते लांबलचक लागलं की कायमचं घरी.

हे शब्द मास्तरांचे. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. लाँड्रीत अपघात झाला, मशीन जळालं, कुणाचं कुणाशी वाजलं, की चौकशी बसे आणि अहवाल लिहायला मास्तरांना बोलावणं जाई. वरचं ऑफिस इंग्रजीशिवाय काही वाचत नसे आणि मॅनेजरसाहेबांचं इंग्रजी गुड मॉर्निंगपाशी दम टाकत असे. प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: अमक्याच्या कृतीने आधीच वाईट असलेली परिस्थिती आणखी वाईट झाली. ते 'आणखी वाईट' सांगायला चारांतला एक शब्द. वरच्या ऑफिसातला कुणीतरी तेवढाच शब्द बघतो आणि शिक्षा ठरवतो, हे बायकांनी वर्षानुवर्षं निरखून ताडलं होतं. एकीने मास्तरांना विचारलंही होतं, की या चौघांत फरक तो काय.

"फरक फारसा नाही," मास्तर म्हणाले होते. "चारही म्हणजे बिघडलेलं आणखी बिघडवणं. पण साहेबलोकांना प्रत्येक पायरीला वेगळा शब्द लागतो."

बायकांनी ते शब्द मग घरगुती वापरालाही काढले. चहा दोनदा उकळला की तो वर्सन्ड. नणंद राहायला आली की घरात अ‍ॅग्रॅव्हेटेड. डब्याच्या सुट्टीत यावर इतकं हसणं चाले की सुपरवायझर खिडकीतून डोकावत असे. या हसण्यात इस्त्रीमावशीचा आवाज सगळ्यांत मोठा. तिला हे नाव पडलं कारण ती एकोणीस वर्षं मोठ्या इस्त्रीवर होती. मोठी इस्त्री म्हणजे खोलीएवढं मशीन: एका बाजूने दोघींनी ओली चादर ताणून तापलेल्या रोलरखाली सरकवायची, पलीकडे दोघींनी ती कोरडी, कडक होऊन आलेली धरून घड्या घालायच्या. आणि मावशीनेच पाच महिन्यांपूर्वी आपल्या सुनेला तिथे लावून घेतलं होतं, आपल्याच जोडीला. सुनेला डोळ्यांसमोर ठेवायचं म्हणून नव्हे. पोरगी उंच होती, हात लांब होते, चादर छान ताणायची. मावशी सगळ्यांना सांगायची, "माझी सून आली आणि माझी कंबर वाचली."

तो अपघात मंगळवारी सकाळी झाला. चादरीची कड दुमडली, सुनेने ती सरळ करायला हात पुढे नेला आणि चादरीबरोबर हातही आत गेला. पोरगी घाबरली, पण तिने भान सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने लाल दांडी खाली ओढली. दांडी ओढली की मशीन थांबतं आणि रोलर बोटभर वर उचलला जातो. तो उचलला गेलाही. आता फक्त चादर सैल करून हात सावकाश बाहेर काढायचा होता.

मावशीच्या शेजारी, कमरेच्या उंचीवर, एक पिवळं बटण होतं. चादर अडकली की ते दाबायचं, रोलर उलटा फिरतो, चादर परत येते. एका पाळीत वीसेक वेळा तरी ते दाबावं लागे. मावशीने एकोणीस वर्षांत ते किती वेळा दाबलं असेल याचा हिशेब देवालाही लागला नसता. उलटा फिरण्याआधी रोलर पूर्ण खाली बसतो, दाब देतो आणि मग फिरतो, हे तिला माहीत होतं. माणूस अडकला असेल तर त्या बटणाला हात लावायचा नाही, हेही भिंतीवर लिहिलेलं होतं आणि तिनेच नव्या मुलींना ते वाचून दाखवलं होतं. तिने बटण दाबलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने नवऱ्याला, म्हणजे मावशीच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं, की पहिल्या वेळी कातडी भाजली होती, ती भरून आली असती. दुसऱ्यांदा दाब आला त्यात हाडं गेली. तीन बोटं काढावी लागली. उरलेली दोन वळतील की नाही, ते वर्षभराने कळेल. मुलगा बाहेर आला आणि आईला म्हणाला, "तू कशाला हात लावलास?" एवढंच. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, आणि त्याने काढावा असं तिला फार वाटत होतं.

मावशीला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटे, पण तेही फार जोरात वाटत नसे. कामावर तिला घडीच्या बाजूला टाकलं. ती चादर धरायची, मध्ये दुमडायची, परत दुमडायची, थप्पीवर ठेवायची. बायका तिच्याशी हळू आवाजात बोलत आणि ती बरं म्हणे. कुणी काय विचारलं, हे पाच मिनिटांनी तिला आठवत नसे. डब्याच्या सुट्टीत हसणं थांबलं होतं. तिच्यासमोर चार शब्दांतला एकही कुणी उच्चारत नसे, म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच चाललेलं होतं.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मुलगा-सून, बाहेरच्या खोलीत मावशी आणि तिथेच स्वयंपाकाचा ओटा. सून हॉस्पिटलमधून घरी आली ती उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये घेऊन. मावशीने तिचं सगळं हातात घेतलं. घास बारीक करून द्यायचे, केसांची वेणी घालायची, ब्लाउजचे हुक लावायचे, गोळ्यांची वेळ सांभाळायची. पहाटे कामावर जाण्याआधी करायची आणि दुपारी पावणेचारला परतली की परत सुरू. सून नको म्हणत नसे. "अहो आई, पाणी देता का," "अहो आई, तेवढी खिडकी," असं सगळं रीतीला धरून चाले. मावशीला एकच गोष्ट हवी होती. या पोरीने एकदा काहीतरी म्हणावं. शिव्या घाल, भांडं फेक, पण हे एका छताखाली असं परक्या पाहुण्यासारखं बोलणं नको. हे आयुष्यभर चाललं तर आपण काय करायचं, हा प्रश्न तिला रोज सकाळी दात घासताना पडे आणि चूळ भरेपर्यंत विरून जाई.

चौकशी बसली. युनियनवाल्याने मावशीला जिन्याखाली गाठलं. हा माणूस मनाने चांगला, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट कुजबुजून सांगायची सवय.

"हे बघा मावशी," तो म्हणाला. "पलीकडच्या दोघींना चादरीमुळे काही दिसलं नाही. बटण कुणी दाबलं हे कागदावर कुठेच नाहीये. तुम्ही सांगायचं, घाबरले, पुढचं आठवत नाही. मास्तर कॉन्ट्रिब्यूटेडवर आणून ठेवतील. मी त्यांच्या कानावर घातलंय."

"पण मला आठवतंय," मावशी म्हणाली.

"आठवू दे की. सांगू नका म्हणतोय मी."

तिने तसंच सांगितलं. घाबरले, आठवत नाही. मास्तरांनी लिहून घेतलं, तिने सही केली. खोटं बोललो याचंही तिला फारसं काही वाटलं नाही. जबाब देऊन ती परत घड्या घालायला गेली.

दोन दिवसांनी ती कामावरून घरी आली तर ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. सून एकटी चहा पीत नसे. मावशीने कपांकडे बघितलं.

"मास्तर आले होते," सून आतून म्हणाली. "माझा जबाब घ्यायला."

"बरं," मावशी म्हणाली. काय सांगितलंस, असं विचारायला तिची जीभ उचलली नाही. पोरीने खरं सांगितलं असणार, आणि तिने खरं सांगणं रास्तच होतं. म्हणजे लांबलचक लागणार. मावशीने पातेलं उचललं आणि डाळ धुवायला घेतली.

अहवाल वाचून दाखवायची तिथे रीत होती. सही करण्याआधी, ज्याच्यावर तो लिहिला त्याला समोर बसवून मास्तर आधी इंग्रजीतून आणि मग मराठीतून वाचत. मॅनेजरच्या केबिनमध्ये मॅनेजरसाहेब, सुरक्षा अधिकारी, युनियनवाला आणि मास्तर असे चौघे बसले. मावशीला पाचवी खुर्ची दिली. मास्तर वाचू लागले आणि सगळ्या बायका ऐकतात तशी तीही फक्त एका शब्दासाठी ऐकत राहिली. बाकीचं इंग्रजी पाण्यासारखं वाहून गेलं. मग तो आला. लांबलचक.

चला, आला एकदाचा, असं तिला वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं. पण युनियनवाला तिच्याकडे बघून चक्क हसत होता.

मास्तर चष्मा वर करून मराठीत सांगू लागले. "जखमी कामगाराने दिलेल्या जबाबानुसार, मशीन थांबल्यावर घाबरून तिने स्वतःच डाव्या हाताने पिवळं बटण दाबलं, आणि आपली दुखापत स्वतःच आणखी गंभीर केली. सोबतच्या कामगाराचा यात काही दोष आढळत नाही."

पंखा फिरत होता. मॅनेजरने पेन पुढे केलं.

"तुमच्यावर काहीच नाही मावशी," युनियनवाला कुजबुजला. "कॉन्ट्रिब्यूटेडसुद्धा नाही. आणि तिला त्या शब्दाने काय फरक पडतो? तिला आता कोण घरी बसवणार, ती घरीच आहे. करा सही."

मावशीने पेन हातात घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीत काहीतरी हललं. या पोरीने, जिची तीन बोटं आपण घालवली, तिने आपल्यासाठी एवढं केलं. म्हणजे तिच्या मनात आपल्याविषयी अजून काही शिल्लक आहे. म्हणजे ते 'अहो आई' नुसतं रीतीचं नव्हतं. मावशीचे डोळे भरून आले आणि आपले डोळे भरून येताहेत याचंच तिला नवल वाटलं. मग तिने पेन टेबलावर ठेवलं.

"बटण मी दाबलं," ती म्हणाली. "तिचा डावा हात लाल दांडीवर होता. तिने सगळं बरोबर केलं. चुकले ती मी."

युनियनवाल्याने कपाळाला हात लावला. मॅनेजरसाहेब मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी सावकाश चष्मा काढला.

"बाई, झाकलेलं आहे, राहू द्या," ते म्हणाले. "हे बदललं तर मला तो शब्द तुमच्या नावापुढे लिहावा लागेल. त्याच्याखालचा कुठलाही लिहिला तर वरून परत येईल. आणि सुनेने खोटा जबाब दिला, हेही त्यात येणार."

"तिचं चुकून झालं म्हणा. गोळ्या चालू होत्या, गुंगीत बोलली. पण तिच्या हाताला तो शब्द लावू नका."

"तुम्ही विचार केलाय का?"

"नाही," मावशी म्हणाली. "पण लिहा."

मास्तरांनी ते पान बाजूला काढलं आणि नवं घेतलं. त्यांचं अक्षर शिक्षकाचं, वळणदार. मावशी त्या लांबलचक शब्दाकडे बघत राहिली. त्यातलं एकही अक्षर तिला कळत नव्हतं. तिने खाली सही केली. पुढच्या सोमवारपासून तिने यायचं नव्हतं.

घरी जाताना तिला चक्क भूक लागली. अपघातापासून ती वेळ झाली म्हणून जेवत होती. रस्त्यात ती पोरीला काय सांगायचं हे मनात जुळवत होती. तू माझ्यासाठी केलंस ते मला कळलं, पण तुझ्या डोक्यावर मी ते राहू देणार नव्हते, असं काहीतरी. मग पोरगी रडेल, आपण रडू. एकदा रडून झालं की पुढचं सोपं जाईल. मुलगाही मग बोलायला लागेल. फाटकापासून घरापर्यंत पंधरा मिनिटं लागत, त्या दिवशी ती दहात पोहोचली.

सून खिडकीपाशी बसली होती. मावशीने चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. केबिन, पेन, मास्तर, नवं पान. सोमवारपासून आपण घरीच, हेही सांगितलं. "आता तुझं सगळं मला नीट करता येईल," असंही म्हणाली.

सून ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"तुम्ही कशाला बोललात?" ती म्हणाली.

"अगं, तू माझ्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी नाही." सुनेचा आवाज चढला नव्हता. "अहो आई, तुम्ही सकाळी साडेसहाला जाता आणि पावणेचारला येता. तेवढा वेळ माझ्याकडे कुणी बघत नाही. मी डाव्या हाताने डबा उघडते, सांडते, परत पुसते. केस सोडून बसते. कधीकधी रडते. तुम्ही आलात की तुमची नजर सारखी माझ्या हातावर असते. पाणी प्यायले तरी तुम्ही हाताकडे बघता. मला ते सहन होत नाही. तुमची नोकरी गेली तर तुम्ही दिवसभर इथे असणार, म्हणून मी मास्तरांना तसं सांगितलं. मला तेवढे तास हवे होते. बाकी काही नको होतं."

मावशी तशीच उभी राहिली. छातीत जे काही हललं होतं ते परत जागच्या जागी बसलं. तिला राग आला नाही, वाईट वाटलं असंही म्हणता येईना. हे पोरीने आधी सांगितलं असतं तर, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिला वाटलं, आधी विचारलं तरी कुणी होतं?

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"जेवले."

त्या रात्री मुलाला नोकरी गेल्याचं सांगितलं. तो बरं म्हणाला. आतल्या खोलीचं दार लागलं.

सोमवारी मावशी पहाटे उठली. तिने स्वयंपाक केला, सुनेचं झाकून ठेवलं, घास बारीक केले नाहीत. आपला डबा भरला. साडेसहाला बाहेर पडली आणि बस डेपोत बायकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसली. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. एका बाईने तिला विचारलं, कुठली गाडी? ती म्हणाली, यायची आहे. दुपारी डबा खाल्ला, नळावर धुतला. साडेतीनला उठून चालू लागली आणि बरोबर पावणेचारला घरात पाऊल टाकलं. सुनेचे केस मोकळे होते. तिने एकदा घड्याळाकडे बघितलं आणि एकदा मावशीच्या हातातल्या डब्याकडे. मावशी दुसरीकडे बघत दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली. मंगळवारी तसंच. बुधवारीही तसंच.

गुरुवारी मुलाची सुट्टी होती. एरवी आईच्या आधीच कामावर जाणारा तो अजून अंथरुणातच, पण जागा होता. आई डब्याचं झाकण लावतेय, हे त्याने दारातून बघितलं आणि उठून बसला.

"आई, कुठे निघालीस?"

"कामाला," मावशी म्हणाली.

"कुठल्या कामाला? तुझी तर नोकरी..."

सून त्याच्या मागे येऊन उभी होती. बँडेजचा हात तिने छातीशी धरला होता.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "उशीर होतोय."

मावशीने चपला घातल्या आणि निघाली.